तक्त्यातला ऑपरेटर ‘ब’

२१ जाने. ८६
कंट्रोल रूममधला चौथा दिवस. जागा ठरली: दाराजवळचं लोखंडी स्टूल, ऑपरेटरच्या डाव्या हाताला, अडीच मीटरवर. तिथून त्याचे हात, डोळे आणि दोन्ही स्क्रीन दिसतात. स्टॉपवॉच मांडीवर, वही गुडघ्यावर.
सरनाईक सरांची (माझे गाइड) सूचना: बोलायचं नाही, विचारायचं नाही, मदत करायची नाही. माणूस स्क्रीनशी कसा वागतो, तेवढंच लिहायचं.
जुनं पॅनेल अजून उभं आहे. खुर्चीच्या पाठीमागे, भिंतभर. डायल, दिवे, मुठी. वीज काढलेली. डिसेंबरपासून सगळा कारभार नव्या कन्सोलवर. पॅनेल तोडायला कोणाला सवड नाही.
पहिल्या पाळीला म्हात्रे. पावणे गावातलेच. त्यांना इथे यायला चालत सात मिनिटं, मला वाशीहून बसने चाळीस. आज बाकीच्यांना माझी ओळख करून दिली: "ही घड्यालवाली बाय. आपून शिंकलो तरी टाइम लिवते."
शिंका मी लिहीत नाही. पण तसं सांगितलंही नाही.

२९ जाने.
पाळी बदलताना तिन्ही ऑपरेटर एकत्र भेटले. सांगितलं, अभ्यास स्क्रीनचा आहे, तुमचा नाही. नावं कुठेही येणार नाहीत. वहीत फक्त अ, ब, क. म्हात्रे ‘ब’.
म्हा.: "नाव आलं तरी काय गो? सातबाऱ्यावरनं गेलं, आता येऊंदे तुझ्या वहीत."
बाकीचे दोघे हसले. मीही, उशिरा.
कारखाना आहे तिथे त्यांची भातखाचरं होती. जमिनीच्या बदल्यात घरटी एक नोकरी. त्यांच्या घरातली ती यांना लागली. दोन भाऊ अजून बसूनच आहेत. हे त्यांनी आपणहून सांगितलं. कामाच्या वहीत नाही, इथे लिहितेय.

६ फेब्रु.
आज पाहिलं ते नीट लिहून ठेवते.
पाइपलाइनवर फिटर काम करत असला की तो आधी लाल पत्र्याची चकती आणून अडकवतो. जुन्या पॅनेलवर प्रत्येक व्हॉल्व्हला मूठ होती, चकती त्या मुठीत. ती काढल्याशिवाय मूठ फिरत नसे. नव्या कन्सोलवर मूठच नाही. व्हॉल्व्ह म्हणजे स्क्रीनवरचं चित्र, आणि तो उघडायला दोन बटणं. चकती अडकवणार कुठे?
तर ते ती अजून जुन्याच पॅनेलवर अडकवतात. बंद पडलेल्या. पाठीमागच्या. व्हॉल्व्ह उघडायच्या आधी ऑपरेटर मान वळवून मागे बघतो, मग बटण दाबतो.
मॅन्युअलमध्ये हे नाही. कोणी ठरवलेलं नाही, कोणी शिकवलेलं नाही. तिघेही करतात.
अन्वर (फिटर, तळोज्याचा, तोंड कधी बंद नसतं) चकती अडकवून जाता जाता मला: "काय मॅडम, तुमच्या कॉम्प्युटरला हे दिसत नाय ना? त्याला बोला, अन्वर लाइनवर आहे, जरा सांभाळून."
थीसिसचा विषय मिळाला. हे सगळं दोनदा लिहून काढलं. आनंदाने. असं माझं सहसा होत नाही.

२० फेब्रु.
आमच्या संस्थेत सेमिनार. वीस मिनिटं मिळणार होती. बाराव्या मिनिटाला पहिला प्रश्न: "यात कॉम्प्युटर सायन्स कुठे आहे?" मग दुसरा: "हे मानसशास्त्रवाल्यांना द्या की." तिसऱ्याने विचारलं, मान किती वेळा वळते हे मोजायला एम.टेक. कशाला लागतं. खोलीभर हशा.
म्हटलं, मोजायला लागत नाही, ती का वळते हे समजायला लागतं. स्लाइड्स तशाच राहिल्या.
नंतर जिन्यात सर: "आकडे आण. आकडे पाहिले की गप्प बसतील. पूर्ण महिन्याचा तक्ता कर."
त्यांना विचारलं, प्रधानांना (वर्क्स मॅनेजर) आत्ताच सांगून टाकू का? एकदम अलार्म आले की मान वळत नाही, मी दोनदा पाहिलंय.
"आत्ता सांगितलंस तर ते काहीतरी बदलतील आणि तुझं निरीक्षण तिथेच संपेल. तक्ता पुरा होऊ दे."
पटलं. पटलं असं आज लिहून ठेवते.

१७ मार्च
रिपोर्ट दिला. एक प्रत सरांना, एक प्रधानांना. कारखान्यात बसू देण्याची तीच अट होती. जोडपत्र २ मध्ये तक्ता: तारीख, पाळी, वेळ, ऑपरेटर, मागे पाहिले / नाही. आजवर हातून झालेलं सगळ्यात नेटकं काम.
निष्कर्ष सरळ. शांत वेळी तिघेही मागे बघतात. चार-पाच अलार्म एकदम वाजले की नजर स्क्रीनला खिळते, मान वळत नाही. तिघांचीही. त्यातल्या त्यात ब सर्वांत जास्त वेळा बघतो. दोष माणसाचा नाही, मांडणीचा. उपाय: स्क्रीनवर व्हॉल्व्हच्या चित्रापाशी चकतीची खूण. ती होईपर्यंत स्क्रीनच्या वर एक फळी, फळीवर खिळे, चकत्या तिथे.

२१ मार्च
प्रधान सभ्य आहेत. चहा मागवला, बसवून घेतलं.
"फळी? अहो, डायरेक्टर पाहुणे घेऊन येतात हे कन्सोल दाखवायला. त्याच्या डोक्यावर पत्र्याच्या चकत्या टांगू? लाँड्रीत टांगतात तशा?"
स्क्रीनवरच्या खुणेसाठी पुरवठादाराला पत्र टाकतो म्हणाले. पुढच्या व्हर्जनमध्ये होईल, सहा-आठ महिने धरा. रिपोर्टची पानं चाळली. "मेहनत घेतलीत हं. अगदी मिनिटासकट."
बाहेर येऊन म्हात्र्यांना फळीचं सांगितलं. ते म्हणाले, "मंग मीच ठोकतो. चार खिलंच तर लागतील."
मी नको म्हटलं. परवानगी नाही म्हणून.

८ एप्रिल
११.०५ ते ११.०९. चार मिनिटं.
सहा अलार्म एकदम. म्हात्रे स्क्रीनवर वाकलेले. व्हॉल्व्ह अकरा उघडला. मागे पाहिलं नाही. मला चकती दिसत होती, अकराच्या मुठीत. मी वहीत ‘नाही’च्या रकान्यात खूण केली. मग ओरडले.
या क्रमाने. आधी खूण, मग ओरडले.
अन्वर लाइनवर होता. गरम कॉस्टिक सोडा अंगावर उडाला. चेहऱ्याची उजवी बाजू, उजवा हात. म्हात्र्यांनीच धावत जाऊन त्याला नळाखाली धरलं. दोघेही नखशिखांत भिजलेले. "डोला उघर, अन्वर. उघर डोला. मी हाय." परत परत तेवढंच.
घरी आल्यावर आईने विचारलं, आज लवकर कशी? म्हटलं, मशीन बंद पडलं.

१२ एप्रिल
हॉस्पिटल. डावा डोळा ठीक. उजव्याबद्दल डॉक्टर आठवड्याने सांगणार. हाताला पट्ट्या. अन्वर बोलतोच आहे.
"मॅडम, टेन्शन नका घेऊ. दुसरा आहे ना एक." मग: "हरीभाईला बोला, येऊन जा. तो येत नाय. माझा काय राग नाय त्याच्यावर."
हरीभाई म्हणजे म्हात्रे. त्यांना बुधवारपासून सस्पेंड केलंय. गेटच्या आत सोडत नाहीत.
वहीतल्या त्या खुणेबद्दल अन्वरला सांगायला गेले होते. नाही सांगितलं.

१८ एप्रिल
आज कळलं. प्रधानांनी बोलावून आरोपपत्र वाचायला दिलं, ‘तुमच्या माहितीसाठी’. दोन पानं इंग्रजीत. पहिल्या पानावर त्या दिवसाची हकीकत. दुसऱ्या पानावर: या कामगाराला व्हॉल्व्ह उघडण्यापूर्वी इशारा-चकती न पाहण्याची सवय आहे, पाहा, जोडपत्र २, पुढील नोंदी. आणि खाली माझ्या तक्त्यातल्या ब च्या पाच ओळी, जशाच्या तशा. तारीख. पाळी. वेळ.
नाव लपवायला अक्षर दिलं मी. आणि शेजारच्याच रकान्यात पाळी आणि मिनिट लिहिलं. हजेरीपट शेजारी ठेवला की कोणालाही कळेल. अगदी मलाही कळलं असतं, महिनाभर आधी, कोणी विचारलं असतं तर. मला ते अचूकपणा वाटत होता.
"पण पुढचं पान," मी म्हटलं. "निष्कर्ष. दोष मांडणीचा आहे असं मी—"
"ते तुमचं मत आहे. आम्ही फक्त फॅक्ट्स घेतल्यात."

२२ एप्रिल
सरांशी अर्धा तास. ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.
"तू खोटं काही लिहिलेलं नाहीस. डेटाचा कोण काय उपयोग करतो, ते आपल्या हातात नसतं."
म्हटलं, कारखान्याला पत्र द्या, संस्थेच्या कागदावर, रिपोर्ट पूर्ण वाचा म्हणून. म्हणाले, विचार करतो. मग म्हणाले, दुसऱ्या दोन कारखान्यांशी बोलणी चालली आहेत. आपण कामगारांच्या बाजूने पत्रं देतो असं पसरलं तर दार बंद. हा विषय या देशात नुकता उभा राहतोय.
खरं आहे तेही.

७ मे
चौकशी. प्रधानांच्या केबिनशेजारची खोली, टेबलावर हिरवं कापड. चौकशी अधिकारी बाहेरचे वकील. मी मॅनेजमेंटची साक्षीदार. म्हात्रे समोर, इस्त्रीचा शर्ट, शेजारी युनियनचे सेक्रेटरी.
"हा तक्ता तुम्ही केलात?"
"हो."
"यातल्या वेळा बरोबर आहेत?"
"हो. पण—"
"प्रश्नापुरतं उत्तर द्या. ८ एप्रिलला ब ने मागे पाहिलं?"
"नाही. मीसुद्धा तिथे होते. मला चकती दिसत होती, मी—"
"कन्सोल तुम्ही चालवत होता का?"
"नाही."
"मग ते गैरलागू."
एकच वाक्य उपयोगाचं होतं: तिघांत सर्वांत जास्त वेळा मागे बघणारा माणूस हा आहे. तोंडापर्यंत आलं. ते म्हटलं की पुढचा प्रश्न असणार, मग अ आणि क किती वेळा बघत नाहीत? तक्ता टेबलावरच होता. अ ची मुलगी या महिन्यात उजवायची आहे. क सहा महिन्यांपूर्वी लागलाय.
ते वाक्य मी म्हटलंच नाही.
युनियनच्या सेक्रेटरींनी मला विचारलं, "कन्सोल खराब आहे काय?" म्हटलं, खराब नाही, त्यात चकतीला जागा नाही. वकिलांनी लिहून घेतलं: कन्सोल खराब नाही.
बाहेर जिन्यापाशी म्हा. भेटले. मी माफी मागायला लागले. त्यांनी हातानेच थांबवलं. "तू लबार नाय लिवलं. नाय बगितलं मी. नाय बगितलं त नाय बगितलं." मग: "अन्वर कसा हाय?"

२३ मे
काम बंद. कंट्रोल रूममध्ये मला बसायला हरकत नाही म्हणतात, पण अ आणि क माझ्याशी बोलत नाहीत. मी आत गेले की अ खुर्ची फिरवून माझ्याकडे पाठ करतो. डोळे दिसत नाहीत. नोंदी शून्य.
त्यांचं बरोबर आहे.

३ जून
चौकशीचा निकाल: आरोप सिद्ध. बडतर्फ का करू नये, सात दिवसांत कळवावे.

५ जून
दुपारी म्हा. घरी आले. वाशीला पहिल्यांदाच. आईने पाणी दिलं, ते कोण, कशाला आले, काही विचारलं नाही, स्वयंपाकघरात गेली आणि तिथूनच ऐकत राहिली.
कागद पुढे केला. "वाच. मराठीत सांग."
वाचलं. इंग्रजीतून मराठीत, वाक्यागणिक. तिसऱ्या परिच्छेदात साक्षीतलं माझंच वाक्य होतं. तेही सांगितलं.
मी म्हटलं, उत्तर मी लिहून देते. सगळं लिहिते. फळी, प्रधान, मांडणी, अलार्म. चार पानं होतील, पण एकदा सगळं कागदावर येऊ दे. मी बरीच बोलले, भरभर. आयुष्यात एवढी सलग कधी बोलले असेन असं वाटत नाही.
ते ऐकत होते. मग: "लरायचं नाय मना. युनियनवाला बोलला, माफी लिव. साफ माफी. मंग साहेब हेड ऑफिसला सांगल, बडतर्फ नको, गेटवर वॉचमन नायतर हेल्पर करा. तू लिव, चूक माझी. इंग्लिशमधी लिव, तिकरं मराठी कोन वाचत नाय."
"पण चूक तुमची नाही. मी ते सिद्ध करू शकते."
"तू सिद्ध करशील. नोकरी कोन देल? एकच हाय ती."
लिहिलं. एक पान. हलगर्जीपणा सर्वस्वी माझा. कन्सोलमध्ये कोणताही दोष नव्हता. यापुढे असे होणार नाही. चांगलं इंग्रजी आहे माझं, शब्द अडले नाहीत.
"लिवलंस ना सगली चूक माझी?"
"लिहिलं."
सही केली. पूर्ण नाव, हरिश्चंद्र, वडिलांच्या नावासकट. जाताना आईला म्हणाले, "पोर गुनाची हाय."

९ जून
सकाळी प्रधानांचा फोन, शेजारच्यांकडे. "म्हात्रेचा अर्ज आलाय. इंग्रजी फार सुरेख आहे. तुम्हाला काही कल्पना?"
म्हटलं, नाही.
का म्हटलं, माहीत नाही. हो म्हटलं असतं तर त्यांच्याच साक्षीदाराने आरोपीला लिहून दिलं असं झालं असतं, अर्ज रद्द. नाही म्हटलं तर... तेव्हा एवढं सुचलं नव्हतं. नुसतं नाही आलं तोंडातून.

९ जून, संध्याकाळी
साडेचारला म्हात्रे परत आले, बरोबर मुलगी. वनिता, नववीत, मराठी शाळा. दोन वेण्या, नवी वही.
दुपारी प्रधानांनी त्यांना गेटवर बोलावून विचारलं होतं, हे कोणी लिहिलं. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. म्हणाले, माझ्या मुलीने.
"मंग साहेब बोलला, उद्या अकराला घेऊन ये तिला. माज्यासमोर लिवूंदे एक पान." म्हात्रे माझ्याकडे बघत नव्हते. "बाय, सकालपत्तूर तिला येवरं इंग्लिश येल?"
म्हटलं, मी उद्या प्रधानांकडे जाते आणि खरं सांगते. ते एकदम उभे राहिले. "नको. मंग मी लबार ठरलो त्यांच्याम्होरं. आता त मी नुसता चुकलोय."
तक्त्यातल्या खुणेचा अर्थ मला काढता येतो. याचा नाही.
आठ वाजायला आले. वनिता जेवणाच्या टेबलाशी बसून तेच पान उतरवतेय. पाचवी खेप. तीन खेपा बघून, दोन न बघता. म्हात्रे गॅलरीत, आईने दिलेला चहा तसाच. दुसऱ्या ओळीत ती अडखळली होती, आता अडखळत नाही. अर्थ न कळता पाठ करतेय. तसं करू नये म्हणून तिला थांबवलं. प्रधान अर्थ विचारतीलच.
"ताई, ‘निग्लिजन्स’ म्हणजे?"
सांगितला. तिने गॅलरीकडे एकदा पाहिलं आणि शब्दापुढे पेन्सिलने मराठीत लिहून घेतला. मग पुढचा शब्द विचारला.
अजून अकरा शब्द आहेत. त्यांची शेवटची बस नऊ वीसची.